दुसरी वेलांटी

६ मार्च

ताई,

इकडे सर्व ठिक आहे. मुली ठिक, ही ठिक, माझा खोकलाही आता ठिक आहे. तू विणलेलं स्वेटर धाकटीला बाहीत आखूड होतं, तरी बाईसाहेब ते अंगातून काढायला तयार नाहीत.

एक सांगायचं होतं. आमच्या ठाण्याच्या कोठडीत परवा एक माणूस गेला. बस थांब्याजवळ फुटपाथवर बसून चाव्या करायचा. एका बंगल्यात चोरी झाली, तीही कुलूप न तोडता, म्हटल्यावर संशय त्याच्यावरच येणार. सकाळी आणला, दुपारी चारनंतर छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेता नेता गेला. पेपरात बोटभर बातमी आहे. आईच्या भिंगाला सापडायच्या आत तो पेपर कुठेतरी डब्याखाली अंथरून टाक.

माझं काम तुला माहीत आहे. मी दंडुक्यातला नाही, वहीतला. दर दोन तासांनी कोठडीत डोकवायचं आणि कोठडीच्या वहीत लिहायचं, 'आरोपी ठिक'. खरं सांगू का, जेवायला जायच्या आधीच मी संध्याकाळपर्यंतच्या नोंदी एका बैठकीत उरकून टाकतो. सगळेच तसं करतात. त्या दिवशीही केल्या. आता झालंय असं, की माणूस गेला चारनंतर आणि माझ्या वहीत तो सहा वाजताही ठिक आहे. साहेब डोकं धरून बसलेत. खात्याची चौकशी लागेल म्हणतात, पण ती नावापुरती असते. तू काळजी करू नकोस.

तुझा
मुंग्या


११ मार्च

मुंग्या,

आधी मास्तरीणबाईंचं काम करते, मग बहिणीचं. ठीकला दुसरी वेलांटी. ठी दीर्घ. पत्रभर तू 'ठिक ठिक' करत सुटलायस, वाचताना माझ्या दाताखाली खडा आल्यासारखं झालं. पाटीवर मुंग्या सोडल्यासारखं तुझं अक्षर होतं, ते मी छडी मारून मारून वळणावर आणलं. त्या अक्षरावरच तुला साहेबांनी लिखापढीला बसवलं ना? मग वेलांटी कुठे विसरलास? पंचवीस वेळा लिहून काढ. चेष्टा नाही, खरंच लिही.

आता बहिणीचं. एवढा कशाला घाबरतोस? तपासणी यायची असली की आम्हीही सकाळीच अख्ख्या वर्गाची हजेरी भरून ठेवतो. नाक शिंकरत दुपारी येणारं कार्टंही आमच्या वहीत सकाळपासून हजर असतं. त्याने कोणाचं काही बिघडत नाही. चौकशीत विचारलं तर वहीत जे आहे तेच सांग. जास्त शहाणपणा करू नकोस, आपण सरळ माणसं, बोलायला लागलो की अडकतो.

आई ठीक आहे. पेपर लपवला.

एकच विचारते, रागावू नकोस. कळ आली तेव्हा तू तिथे होतास का?

ताई


२४ मार्च

ताई,

तुझं पत्र पंधराला मिळालं. तू सांगितलंस म्हणून पंचवीस वेळा लिहिलं. थोरली बघून हसत होती, बाबांना गृहपाठ मिळाला म्हणून.

ते शिकणं असं अंगाशी येईल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सोळाला साहेबांनी दार लावून मला बसवलं. समोर कोरी वही ठेवली. म्हणाले, कोठडीची एक मार्चपासूनची वही पुन्हा लिहून काढ. फक्त चार तारखेची सहा वाजताची नोंद गाळ, आणि चार वीसला लिही, छातीत दुखू लागले, दवाखान्यात हलवले. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या आळसाने वाचवलं आपल्याला," म्हणाले, "चार वाजता ठीक होता हे तर तूच लिहून ठेवलंयस." दोन दिवस बसून मी पंधरा दिवसांच्या नोंदी उतरवल्या. पेन बदलत बदलत, कुठे घाईत, कुठे सावकाश, अगदी खरं वाटावं असं. जुनी वही जाळ म्हणाले. मी ती घरी आणून कपाटात कोंबली आहे, तुझ्या पत्रांच्या मागे.

चौकशीला बाहेरगावाहून एक बाई आल्या आहेत. आमच्याच खात्यातल्या, पण साहेबांच्या वरच्या. ठाण्याचा चहा घेत नाहीत, स्वतःचा थर्मास आणतात. काल त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "दहा वेळा लिहा, आरोपी ठीक." मी लिहिलं. त्यांनी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं." मग फेब्रुवारीची वही उघडून माझ्यापुढे सरकवली. तिच्यात पानभर 'ठिक'. जानेवारीची उघडली. ठिक. त्याआधीच्या वर्षाची. ठिक. मग मार्चची, मी उतरवलेली. पहिल्या तारखेपासून 'ठीक', ठी दीर्घ.

"एक मार्चला तुम्हाला शुद्धलेखन कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आठवत नाही. त्या म्हणाल्या, "आठवलं की या. नुसत्या वेलांटीवर मला काही सिद्ध करता येणार नाही, हे तुमच्या साहेबांनाही कळतं."

तू विचारलंस मी तिथे होतो का. मी खाली होतो, वहीपाशी.

आणखी एक. तो चावीवाला आपल्याकडे येऊन गेलेला होता. मागच्या वर्षी हिने कपाटाची चावी हरवली तेव्हा त्यानेच नवी करून दिली. ज्या कपाटात ती वही आहे, त्याच कपाटाची.

मुंग्या


२८ मार्च

मुंग्या,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

ती वही आजच्या आज जाळ. ती कशाला जपून ठेवली आहेस? उद्या कोणी कपाट उघडलं तर सगळे काखा वर करतील आणि तू एकटा सापडशील. तुझं आणि वरच्या लोकांचं भांडण लागलं तर कोण चिरडलं जाईल हे मी सांगायला हवं का? दोन मुली आहेत तुला. थोरली पुढच्या वर्षी दहावीला. बायको बिचारी तुझ्या ड्युटीच्या वेळा सांभाळता सांभाळता अर्धी झाली आहे.

आणि माझं अकराचं पत्रही जाळ. मला काय ठाऊक रे, माझी वेलांटी अशी कुठे जाऊन बसेल. त्यात मी हजेरीचंही लिहिलंय. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत माझी. सव्वीस वर्षांत माझ्या वर्गावर कोणी बोट ठेवलेलं नाही.

जो गेला तो गेला, रे. छातीत कळ आली त्याला तू काय करणार? तोंडाला कुलूप लाव आणि दिवस जाऊ दे.

आई ठीक आहे.

ताई


१५ एप्रिल

ताई,

वही जाळली. तू सांगितलंस त्याच दिवशी, मोरीत बसून, एकेक पान फाडून. हिला वाटलं बंब पेटवतोय. तुझं अकराचं पत्र मात्र हातून जाळवेना. दोनदा काडी ओढली. लहानपणापासून तुझं एक पत्रही मी टाकलेलं नाही. ते अजून कपाटात आहे, पाकिटासकट.

परवा चावीवाल्याची बायको घरी आली. क्वार्टरच्या जिन्यात दुपारपासून बसून होती. ही तिला आत घेऊन आली, पाणी दिलं. मी कामावरून आलो तर ती माझ्याच खुर्चीत, पदर घट्ट धरून. लहान चणीची बाई आहे, बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या गुंड्यांकडे बघते.

म्हणाली, "भाऊ, भांडायला नाही आले. मला वहीतल्या पानाची नक्कल मिळाली. त्यात लिहिलंय चार वाजता ठीक. मी साडेतीनपर्यंत बाहेरच्या बाकावर होते. तुम्हीच म्हणालात, जा घरी, म्हणून उठले. तासभर आणखी बसले असते तर मी जवळ असते. त्याने मला हाक मारली असेल का हो? तुम्ही तिथे होतात, तुम्हाला ऐकू आली असेल."

मी बुटाची नाडी सोडत राहिलो. मग तीच माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, "तुम्ही डबा पोचवलात हे उपकार. रिकामा परत आला तो. पोटभर जेवून गेला, एवढंच समाधान आहे बघा."

ताई, आता लिहितो. तू ते जाळ नाहीतर ठेव.

त्याला कसली कळ आली नव्हती. दोन वाजता साहेबांनी त्याला वरच्या खोलीत मागवला. कोठडी मी उघडली. बाहेर येताना तो म्हणाला, "साहेब, तुमच्या कपाटाची चावी मीच केली होती, ओळखलंत ना?" त्याला वाटलं, ओळख निघाली तर बरं. मी ओळखलं होतं. सकाळीच ओळखलं होतं. मी म्हटलं, "गप चल."

वर साहेब होते, जमादार होता आणि आणखी एक जण. पाऊण तास नव्हे, अख्खा तास मी खाली बसून ऐकत होतो. त्याची बायको बाहेर बाकावर बसलेली. एक आवाज असा आला की ती उठून दारापर्यंत आली. मला म्हणाली, "भाऊ, हा आवाज?" मी म्हटलं, "तो दुसरा कोणी आहे. तुमचा ठीक आहे."

तीनला आवाज थांबला. तीन दहाला जमादार खाली आला, बेसिनवर हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आटपलं." म्हणजे ज्या तासाभराचा ती हिशेब करत बसली आहे, त्या वेळी तो वर मरून पडला होता. साडेतीनला तिने माझ्या हातात डबा दिला. मी म्हटलं, देतो. मी तो घेतला, ताई. तिला घरी जा म्हटलं. माझ्या खोट्या नोंदीमुळे ती आता रोज स्वतःला दोष देते आहे, की मी उठले नसते तर.

डबा कोणी रिकामा केला, ते मला लिहिता येत नाही.

मुंग्या


२० एप्रिल

मुंग्या,

तुझं पत्र वाचून मी शाळेतून सुट्टी घेतली. पोरांना वाटलं बाईंना ताप आला.

तुला मी दोन वेळा लिहिलं, आई ठीक आहे. ते खोटं होतं. पेपर मी लपवायच्या आधीच तिने वाचला होता, सहा मार्चलाच. मला एवढंच विचारलं, "हा आपल्या मुंग्याच्या ठाण्यातला ना?" त्या दिवसापासून तिने तुझं नाव काढलेलं नाही. तुझं पत्र आलं की उठून आत जाते. अन्न चिवडते. तुला सांगून काय करू, म्हणून मीही वहीत ठीक लिहून मोकळी झाले. आपण दोघं एकाच आईची लेकरं, दुसरं काय.

काल तुझं पत्र घेऊन मी रडत बसले होते, तेव्हा ती आपणहून आली आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. सगळं वाचलं, गाळलं नाही. ऐकून झाल्यावर तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली. मग म्हणाली, "त्या बाईला अजून सांगितलंच नाही?" थोड्या वेळाने पुन्हा तेच. झोपेपर्यंत तिने चार वेळा तेच विचारलं. साहेबाचं विचारलं नाही, तुझ्या नोकरीचं विचारलं नाही.

जाळ म्हणून लिहिणारा हात माझा. ते मला आता या जन्मात पुसता येणार नाही. पण माझं एक पत्र तू जाळलं नाहीस, हे देवाचे उपकार. ते पाकिटासकट त्या चौकशीच्या बाईंना नेऊन दे. त्यावर टपालाचा शिक्का आहे, बारा मार्चचा. तुला दुसरी वेलांटी बारा मार्चनंतर कळली, मग एक मार्चच्या नोंदीत ती आलीच कुठून, एवढं सिद्ध व्हायला पुरे. हजेरीचं वाचतील तर वाचू देत. माझंच अक्षर आहे म्हणून सांगायला मी स्वतः येईन. सध्या मी हजेरी घंटा झाल्यावर भरते. पाच जण गैरहजर होते आज. रोजच असायचे बहुतेक.

मुलींना आणि त्यांच्या आईला इकडे पाठव. वरची खोली झाडून ठेवली आहे. थोरलीचं नाव आमच्या शाळेत घालते.

पण बाईंकडे जायच्या आधी त्या चावीवाल्याच्या बायकोकडे जा. तिने ते पेपरात वाचता कामा नये. आणि डब्याचंही सांग, जे असेल ते.

ताई


९ मे

ताई,

हे आईला वाचून दाखव. गाळू नकोस.

पत्र दिलं. चौकशीच्या बाईंनी ते दोनदा वाचलं, हजेरीच्या ओळीशी किंचित हसल्या, मग शिक्का भिंगाने पाहिला. माझा जबाब अकरा पानांचा झाला. लिहून घ्यायला माणूस होता, पण त्या म्हणाल्या, तुमच्याच हाताने लिहा. साहेब, जमादार आणि तो तिसरा, तिघांना अटक झाली. मलाही निलंबित केलंय आणि पुरावा जाळल्याचा गुन्हा लावला आहे. लावायलाच हवा होता. क्वार्टर महिनाअखेर सोडायचंय. ही आणि मुली शनिवारच्या गाडीने तुझ्याकडे येतील. धाकटी ते आखूड स्वेटर घालूनच निघणार आहे, या उकाड्यात. काही बोलू नकोस तिला. ठाण्यात माझ्याशी कोणी बोलत नाही, एकाने माझ्या टेबलावर लहान मुलांची अंकलिपी आणून ठेवली होती.

आता तिच्याकडचं. आधी तिथेच गेलो होतो.

तिचं घर म्हणजे एक खोली. दाराशी त्याची पेटी ठेवलेली, वर चाव्या घासायच्या कानशी ओळीने लावलेल्या. तारेच्या कड्यात कोऱ्या चाव्या, अजून दात न पाडलेल्या. मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सांगितलं. खोलीत गेलो असतो तर बसवलं असतं तिने, आणि मग मला जमलं नसतं.

म्हटलं, तुम्ही तासभर आधी उठलात म्हणून काही झालं नाही. चारची नोंद मी दुपारीच लिहून ठेवली होती. तो तीनलाच गेला. तुम्ही बाकावर बसलेल्या होतात तेव्हा. तो आवाज त्याचाच होता.

ती खाली बसली. म्हणाली, "म्हणजे मी होते तिथे." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मी होते. मी उठून दारापर्यंत आले होते." मी म्हटलं, हो, आणि मी तुम्हाला परत पाठवलं.

मग तिने मान वर केली. पहिल्यांदाच गुंड्यांकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तीनला गेला, तर डबा साडेतीनला का घेतलात?"

ताई, आई, ऐका. साहेब म्हणाले होते की डबा रिकामा दिसला पाहिजे, चारपर्यंत तो जेवूनखाऊन बरा होता असं वाटलं पाहिजे. टाकायला गेलो तर मागच्या दारी लोक उभे. म्हणून जप्तीचं सामान ठेवायच्या खोलीत जाऊन, दार लावून, मी उभ्याने तो डबा खाल्ला. भात आणि भाजी. सगळा. मग नळाखाली धुतला आणि त्याच्या चपलांशेजारी ठेवला. वर तो फरशीवर पडलेला होता आणि खाली मी त्याचं जेवण जेवत होतो.

हे सगळं मी तिला सांगितलं. वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. शेजारची एक बाई दारात येऊन उभी राहिली होती, तीही मागे सरकली.

ती पेटीवरच्या कानशी एकेक करून सरळ करत राहिली. मग अगदी हळू, जणू हे विचारायची लाज वाटत असावी तसं, म्हणाली, "मीठ बरोबर होतं का हो? त्या दिवशी घाईत निघाले. वाटेत आठवेना, घातलं की नाही. दोन महिने डोक्यात तेच आहे. तो अळणी खायचा नाही, पण बोलायचाही नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं, ताई. ठीक होतं, एवढंच म्हणायचं होतं. इतक्या वर्षांची सवय. तिलाही तेच ऐकायचं असणार.

मी म्हटलं, "नाही. मीठ घालायचं राहिलं होतं."

तिने मान हलवली. म्हणाली, "वाटलंच होतं मला." आणि मग ती रडली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. बाकी काय लिहू.

मुंग्या